नावाचा डबा

"डबा परत मिळणार नाही हं, काकू," असे तो मुलगा वहीत लिहितालिहिताच म्हणाला आणि मान वर करून त्याने हात पुढे केला. २०२५ च्या नवरात्रातली ही गोष्ट आहे. सोलापूरकडच्या सीना नदीला कधी नव्हे एवढा पूर आला होता. माढा, मोहोळ, करमाळा, पलीकडे परांडा आणि भूम या भागांतले उभे सोयाबीन पाण्याखाली गेले होते, काही ठिकाणी तर पिकाबरोबर खालची मातीही खरवडून गेली होती, आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तिकडे जाणारा एक टेम्पो उभा होता. तांदळाची पोती, तूरडाळीची पाकिटे, ब्लँकेटे, फिनेलचे कॅन, मेणबत्त्या, चटया असे सगळे रीतसर नोंदवून आत रचले जात होते. त्यात माझ्या हातातला स्टीलचा डबा विजोड दिसत होता. आत आईने पहाटे उठून केलेल्या तीस दशम्या होत्या आणि त्यांच्यावर केळीच्या पानात बांधलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी. "पिशवीत काढून द्या ना, आमच्याकडे पिशव्या आहेत," असे त्या मुलाने सुचवलेही. पण प्लॅस्टिकमध्ये दशम्यांना घाम सुटतो, त्या डब्यातच जायला हव्यात, असे आईने मला दारातच बजावले होते. मी नको म्हटले आणि डबा पुढे केला. त्याने तो धरला. मी मात्र सोडला नाही.

फार तर दोन सेकंद तो डबा आम्हा दोघांच्याही हातात होता.

"काकू?" असे त्याने हलकेच विचारले, आणि मी ओशाळून हात मागे घेतला. टेम्पो गेला. मी वर आले, आईसाठी वऱ्याचे तांदूळ टाकले, दाण्याची आमटी केली, संध्याकाळचा दिवाही लावला, पण ती दोन सेकंदे काही केल्या मनातून जाईनात. मी हाताने आखडती आहे असे मला आजवर कुणी म्हटलेले नाही. त्याच दिवशी सकाळी मी पूरग्रस्तांसाठी मोबाइलवरून काही रक्कम पाठवली होती आणि ती पाठवताना माझे बोट जरासुद्धा अडखळले नव्हते. त्या रकमेत असले दहा डबे सहज आले असते. तरीही हात अडखळला तो डब्याशी, आणि तोही एका बाजूने पोचा आलेल्या, पंचावन्न वर्षांहून जुन्या डब्याशी.

तो डबा आईच्या लग्नातला होता. १९६९ साली घरात पितळेची भांडी असत आणि वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारात बसे. स्टील हे तेव्हा नवलाईचे होते. आईच्या आत्याने पैसे साठवून तो घेतला आणि त्यावर नाव घालून दिला. 'चि. सौ. कां.' पासून सुरू होणाऱ्या त्या तीन ओळी मी लहानपणी अक्षरे गिरवण्याच्या वयात बोटाने इतक्या वेळा गिरवल्या आहेत, की आजही डोळे मिटून मला त्यांतला प्रत्येक ठिपका सापडेल. भांड्यावर नाव घालणारा माणूस आमच्या सांगलीच्या पेठेत दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. हातात ते टर्र आवाज करणारे यंत्र आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. "काय घालायचं?" एवढेच तो विचारी, आणि माणसे कागदाचा चिटोरा पुढे करीत. तो कधी ऱ्हस्वाचे दीर्घ करी, कधी आडनावातले एखादे अक्षर गाळी, पण एकदा घातलेले नाव खोडता येत नसे. आमच्या शेजारी एका काकूंच्या घरात सासूबाईंचे नाव आयुष्यभर एक काना कमी घेऊन सगळ्या पातेल्यांवर मिरवत राहिले.

आईच्या त्या डब्याशेजारी, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, आणखी एक डबा असे. तो आमचा नव्हता.

तो कुणाचा आहे हे आजही आम्हाला माहीत नाही. आकाराने आईच्या डब्यापेक्षा थोडा लहान, झाकणाला वर मूठ, आणि अंगावर ठिपक्यांची एक ओळ. घासण्याने ती बहुतेक पुसट झाली आहे. 'मामाकडून' हा शब्द तेवढा नीट वाचता येतो आणि त्याखाली सालातला ८७ हा आकडा. भाचीच्या लग्नात मामाने दिलेला डबा असावा, असा आईचा तर्क. म्हणजे ती भाची आता माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल, हा तिचा पुढचा हिशेब. तिला सुना आल्या असतील, नातवंडे असतील, इथपर्यंत आईने त्या बाईचा संसार परस्पर वाढवत नेला आहे. त्या डब्यात आई मूठभर साखर ठेवते. दर दिवाळीला ती साखर काढते, मुंग्यांना घालते आणि नवी भरते. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढेच त्याचे स्पष्टीकरण, आणि परत करायचा योग कधी येईल हे सांगता येत नसल्यामुळे डबा सदैव तयार असलेला बरा, हा तिचा व्यवहार.

हा डबा आमच्याकडे आला तो ऑगस्ट २०१९ मध्ये, एका बादलीतून, दोरीने वर ओढला जाऊन.

त्या वर्षी पंचमी ५ तारखेला होती आणि मी माहेरी सांगलीला गेले होते. पंचमीचे माहेर माझ्या पिढीत फारसे कुणी पाळत नाही, पण वडील गेल्यापासून मी ते पाळू लागले होते. आम्ही पुरणाचे दिंड केले, चिरायचे नाही, तळायचे नाही म्हणून सगळे उकडून घेतले, पाटावर चंदनाने नाग काढून पुजला. बाहेर पाऊस धरून होता. कृष्णा वाढते आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण आमच्या गावभागात प्रत्येक जुन्या घराच्या चौकटीवर २००५ च्या पाण्याची एक रेघ होती आणि त्या रेघेवर आमची श्रद्धा होती. आमच्या चौकटीवरची रेघ वडिलांनी स्वतः खिळ्याने कोरलेली. त्या वेळी आयर्विन पुलाखालची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे त्याहून वर ती जायची नाही, असे माणसांनी परस्पर ठरवून टाकले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. ती ओलांडल्यावरही लोक रेघेकडे बोट दाखवून सांगत होते की सामान चार पायऱ्या वर चढवले म्हणजे भागेल. आम्हीही तेच केले. गहू, तांदूळ, अल्बम, देव, शिलाईचे यंत्र असे सगळे रेघेच्या वीतभर वर. पाणी त्या रेघेवरून कधी गेले ते रात्री कळलेही नाही. शेवटी ते साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास जाऊन थांबले, तेव्हा आम्ही शेजारच्या काकांच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसे, एक मांजर आणि जिन्यात येऊन बसलेली एक धामण, असे सगळे एकत्र होतो. दोनच दिवसांपूर्वी जिच्या जातभाईला आम्ही दूध आणि लाह्या वाहिल्या होत्या, तिला हाकलायला कुणाचा हात धजला नाही. ती आपणहून गेली.

पुराविषयी लोक विचारतात तेव्हा मी त्यांना आवाजाविषयी सांगते. दिवसा हेलिकॉप्टरची घरघर आणि लांबून येणाऱ्या हाका असत, पण रात्री वीज नसलेल्या त्या गावात फक्त पाण्याचा आवाज येई, आणि तोही नदीचा नव्हे, तर आपल्याच घराच्या आत पाणी हलते त्याचा. खालच्या मजल्यावर आमचा गॅसचा सिलिंडर तरंगत तरंगत भिंतीवर आपटत होता. अधूनमधून एखादे कपाट फुगून उकले, त्याचा दबका फट आवाज येई आणि चौदा माणसे आपापल्या मनात अंदाज करीत की हे कुणाचे. मोबाइल बंद पडले होते. पिण्याचे पाणी संपत आले होते. चहूकडे पाणी आणि वाटीवाटीने मोजून प्यायचे, ही गंमत काकांनी एकदा बोलूनही दाखवली, पण कुणी हसले नाही. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसे बुडाली, हे आम्हाला कळले ते पाण्यातून बाहेर पडल्यावर.

चौथ्या दिवशी दुपारी एक बोट आली. त्यात तीन मुले होती. खाली या, घेऊन जातो, असे म्हणाली, पण त्यांच्या बोटीत आधीच एक बाळंतीण आणि दोन म्हाताऱ्या होत्या, तेव्हा काकांनी त्यांना पुढे जायला सांगितले. "मग खायाला तरी घ्या," असे म्हणून त्यांनी बादली सोडायला लावली. त्या बादलीतून वर्तमानपत्रात बांधलेल्या भाकरी आल्या, दोन बाटल्या पाणी आले, आणि तळाशी हा डबा. "जत भागातनं आल्यात भाकरी. गरमच भरल्यात." एवढे बोलून ती मुले पुढच्या घराकडे वळली. डब्यात तेलात कालवलेली शेंगाची चटणी होती. सांडू नये म्हणून कुणीतरी ती डब्यात घातली असावी. भाकरी बाजरीच्या होत्या, आता थंड आणि कडांना कडक झालेल्या. मी आजवर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ चांगले जेवले आहे. त्याच्याशी या जेवणाची तुलना करून मला काही सिद्ध करायचे नाही. मला आठवते ते एवढेच, की चटणीत मीठ थोडे जास्त पडले होते आणि चौदा माणसांपैकी एकानेही ते म्हटले नाही.

आईने मात्र पहिला घास घेतला नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली. मला वाटले तिला बरे नाही. मग ती हळूच म्हणाली, "तिकडं प्यायला पाणी नाही गं." तिचे म्हणणे खरे होते. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत आणि आटपाडी भागांत, त्या ऑगस्टमध्येही टँकर चालू होते आणि जनावरे छावणीत होती. आमच्या छतावरून पाहिले तर पाण्याला अंत नव्हता आणि शंभरेक किलोमीटरवर एखादी बाई टँकरच्या पाण्याने पीठ मळून आमच्यासाठी भाकरी थापत होती. पीठ मळायला पाणी लागते, तवा धुवायला लागते, हात धुवायला लागते. आईच्या डोक्यात तो हिशेब चालला होता. मला त्या वेळी त्यात नसता अट्टहास दिसला आणि मी तिला रागाने म्हटले की आधी खा. तिने खाल्ले. पण त्या हिशेबात आणखीही काहीतरी होते. आमचे घर हे द्यायचे घर होते. दारात आलेला विन्मुख जायचा नाही, वाढलेले पान नको म्हणायचे नाही, ही सगळी शिकवण देणाऱ्याच्या बाजूची. हात पसरायचा कसा, हे तिला सत्तरीपर्यंत कुणी शिकवलेच नव्हते.

सांगलीकरांना द्यायची सवय होती हे खरे आहे, आणि त्याचा थोडा तोराही होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी संपले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर पाण्याची, सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाऊन पोचली, आणि आमचे हेच शेजारचे काका मिरज स्टेशनवर ती बघायला मुद्दाम गेले होते. परत आल्यावर आठ दिवस ते "आपण पाणी दिलं" असे सांगत होते, जणू घरातल्या माठातले दिले. कृष्णेचे पाणी हे काकांचे नव्हते आणि आमचेही नव्हते. नदी वाहत होती, त्यातले थोडे कुणीतरी पलीकडे नेले. देण्यातला आनंद खरा होता, त्यात मी खोट काढत नाही, पण त्या देण्यात आमचे काही कमी झाले नव्हते.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गुलालाने माखलेले कपडे अजून धुवायचे होते, आणि रेडिओवर आकडे वाढत चालले होते. आम्ही पोरी घरोघर फिरून कपडे गोळा करायला निघालो. लोकांनी भरभरून दिले. माझ्या घरातून मी माझा एक लोकरी स्वेटर दिला. त्याची वरची दोन बटणे गेलेली होती आणि कोपराशी विरला होता. देताना मला फार बरे वाटले होते, इतके की त्या रात्री मी डायरीत त्याबद्दल लिहिलेही. मराठवाड्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हात, छप्पर गमावलेल्या कुणा बाईला बटणे तुटलेल्या स्वेटरचे काय करायचे होते, हा प्रश्न मला सव्वीस वर्षे पडला नाही. तो पडला पाणी ओसरल्यावर, आमच्याच चौकात. बाहेरगावचे ट्रक येत होते आणि जुन्या कपड्यांचा ढीग कोपऱ्यावर साठत होता. फॉल निघालेल्या साड्या, हुक तुटलेले पोलके, चेन बिघडलेली जीन्स, आणि एक चकचकीत सँडल, एकाच पायाची. आई त्या ढिगापाशी उभी राहिली, काठीने एक साडी उलटी केली आणि काहीही न बोलता घरी आली. त्या संध्याकाळी चिखलात पाय रोवून खराटा मारताना ती मध्येच म्हणाली, "आपणही जुनंच दिलं होतं ना तेव्हा?" मी हो म्हटले. स्वेटरचे तिला अजूनही सांगितलेले नाही.

सगळेच तसे आले असे नाही. कोकणातून आलेल्या काही माणसांनी आमची विहीर उपसून दिली आणि ती चहा न घेता निघून गेली. कुठल्याशा कॉलेजची मुले नगर वाचनालयातली भिजून फुगलेली पुस्तके बाहेर आणत होती, हजारो पुस्तके, आणि ती उन्हात मांडताना जी पाने सुटी होत ती नीट एकावर एक ठेवत होती, जणू पुन्हा बांधायची आहेत. त्याच दिवसांत दुधाची पिशवी दुप्पट भावाने विकणाराही भेटला आणि मेणबत्त्यांचा साठा करून ठेवणाराही. मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्यावरून बराच गदारोळ झाला. एक पाकीट आमच्याकडेही आले होते, आतले तांदूळ चांगले होते. कोयनेतून विसर्ग कधी सोडला, अलमट्टीचे दरवाजे कधी उघडले, पूररेषेच्या आत घरे कुणी बांधू दिली, ही भांडणे तेव्हा सुरू झाली ती आजही दर पावसाळ्यात नव्याने सुरू होतात, आणि मला त्या भांडणांचा कंटाळा असला तरी ती होऊ नयेत असे मात्र वाटत नाही. संकटात माणसे जवळ येतात असे जे म्हटले जाते, ते ऐकले की मला तो एका पायाचा सँडल आठवतो. त्याच्या मागोमाग बादलीही आठवते.

फोटो चिकटवलेले ते पाकीट आणि हा डबा, दोन्हींवर कुणाचे ना कुणाचे नाव होते. पाकिटावरचे नाव आम्ही वाचावे म्हणूनच छापलेले होते. डब्यावरचे नाव आमच्यापर्यंत येणार हे घालणाऱ्या मामाच्या गावीही नव्हते. आणि नेमके तेच नाव आम्हाला पुरते वाचता येत नाही.

आईचा स्वतःचा डबा सापडला तो पाणी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, ओट्याखालच्या गाळात उपडा. आंबलेल्या गव्हाचा तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. त्या वासात हात घालून ती एकेक भांडे उपसत होती. डब्याला एका बाजूने पोचा आला होता. राखेने, मग चिंचेने, मग परत राखेने तिने तो घासला. झाकणाच्या काठाच्या वळलेल्या पट्टीत गाळाची एक बारीक काळी रेघ अडकून राहिली होती, ती काडीनेही निघाली नाही. मग तिने दोन्ही डबे धुऊन शेजारी शेजारी पालथे घातले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा मी तिला पुण्याला आणले. सामान फारसे आणायचे नाही असे ठरले होते. हे दोन डबे मात्र तिने मांडीवर घेऊन आणले.

डब्याची मालकीण शोधायचा मी एकदा प्रयत्न केला होता. जतकडे नोकरी केलेल्या एका नातेवाइकाला फोटो पाठवला, त्याने तो चार गटांत टाकला. तालुक्यात शंभराहून जास्त गावे. त्यात '८७ साली लग्न झालेल्या आणि मामा असलेल्या किती, हे देव जाणे. एकाच अनोळखी नंबरावरून उत्तर आले, तेही बाईचेच. "ताई, डब्याचं काय घेऊन बसलाय, खाल्लं ना तुम्ही?" मी तिला लिहिले, की हो, खाल्ले. मग पुढे काय लिहावे ते सुचेना. पुढे दोनच महिन्यांत महामारी आली आणि शोध राहिला तो राहिलाच.

त्यामुळे त्या नवरात्रात सीनेच्या बातम्या बघून आईने दशम्या करायचे ठरवले, तेव्हा ती तोच परका डबा काढील असे मी धरून चालले होते. मला ते जुळूनही येईल असे वाटले होते. जतहून आलेला डबा सोलापूरच्या पाण्याकडे निघावा, यात एक गोड गोळाबेरीज होती आणि मी ती मनात लिहूनही टाकली होती. मी तो खाली उतरवला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वर ठेवला. "दुसऱ्याचं देऊन मी कशाला मोठी होऊ? तो तिचा आहे." आणि तिने आत्याचा डबा काढला, पुसला, आत कागद घातला, दशम्या मोजून रचल्या. पोच्याच्या बाजूला त्या नीट बसेनात, म्हणून दोन दशम्या मुडपून घातल्या. मी म्हटले, अगं तो परत येणार नाही. ती म्हणाली, "माहीत आहे." तिला खरेच माहीत होते. ते माहीत नव्हते मला, फाटकाशी त्या मुलाच्या हातात डबा देईपर्यंत.

त्या दोन सेकंदांत मला काय वाटले ते मी पुष्कळ वेळा तपासून पाहिले आहे. परोपकाराचा एकही विचार त्यात नव्हता. झाकणाच्या पट्टीतली ती काळी रेघ आता पुन्हा दिसणार नाही, असे वाटले. आई गेल्यावर हा डबा माझा, असे मी मनात धरून ठेवले होते, हे त्या क्षणी पहिल्यांदा उघडे पडले. रागही आला, आईचा, की इतके डबे असताना हाच कशाला. आणि त्या रागातच अगदी अचानक, जत भागातली ती बाई माझ्यापुढे उभी राहिली. सहा वर्षे मी तिला भाकरी थापताना पाहत आले होते, एखाद्या कॅलेंडरवरच्या अन्नपूर्णेसारखी. आता ती मला डबा देताना दिसली. गल्लीत टेम्पो थांबलेला आहे, कुणीतरी घाई करते आहे, चटणी पिशवीत घातली तर तेल गळेल, आणि हाताशी आलेला डबा नेमका मामाचा आहे. तीही थबकली असेल. कदाचित तिनेही म्हटले असेल की परत आणा हं, आणि पोरांनी हो हो म्हणून तो उचलला असेल. टेम्पो गेल्यावर सासू बोलली असेल. किंवा तिने तो मुळी दिलाच नसेल, धाकट्या जावेने न विचारता उचलून दिला असेल आणि त्यावरून आठ दिवस घरात अबोला असेल. यातले खरे काय ते मला कधीच कळणार नाही, पण तिच्या घरातल्या फळीवर एक रिकामी जागा काही दिवस तिला खुपली असेल, एवढे मला आता खात्रीने माहीत आहे, कारण तेवढीच जागा आमच्या फळीवर मला खुपत होती.

आईला हे सगळे सांगावे असे मनात होते. रात्री तिच्या पायाला तेल लावताना मी सुरुवातही केली, की आज डबा देताना माझा हात जरा. ती डोळे मिटून म्हणाली, "माझाही सकाळी." आणि पाय जवळ ओढून घेतला.

दसरा झाला. टेम्पोबरोबर गेलेली मुले परतली, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. चिखलाने भरलेली एक शाळा, व्हरांड्यात रांगेने बसलेली माणसे, पोती, ब्लँकेटे. मी प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. एका फोटोत कोपऱ्यात, एका लहान मुलीच्या मांडीशी, काहीतरी चकाकत होते. तो डबा असेल, नाहीतर पाण्याचा तांब्या असेल.

त्यानंतर आठवडाभराने सकाळी मी चहा टाकायला गेले तर ओट्यावर परका डबा होता. वरच्या फळीवरून उतरवलेला, धुतलेला, आणि आमच्या साखरेच्या बरणीतली सगळी साखर त्यात ओतलेली. मी आईकडे पाहिले. "झाकण घट्ट बसत चाललं होतं," ती म्हणाली. "रोज उघडझाप झाली की सैल होईल. ती न्यायला आली आणि तिला उघडलंच नाही तर?" मी झाकण काढले, ते खरोखरच घट्ट होते, मुठीला धरून जरा हिसका द्यावा लागला. दोन चमचे आईच्या कपात घातले, एक माझ्या.